थंडीत दार बंद: जिवाणू, तापमान आणि अँटिबायोटिक यांची गोष्ट

आपल्या या मालिकेत आपण लढायांवर बोललो, किल्ल्यांवर बोललो, रसदीवर तर दोन भाग झाले. आजची लढाई डोळ्यांना दिसत नाही. शत्रू म्हणजे जिवाणू, शस्त्र म्हणजे अँटिबायोटिक, म्हणजेच प्रतिजैविक. आणि आज मी ज्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधणार आहे, ती आपण फौजी लोक कधीच विसरत नाही, पण औषधाच्या गोळीबाबत सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती गोष्ट म्हणजे तापमान.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण थंडी काय करते ते मी उंचावरच्या ठाण्यांवर पाहिले आहे. उणे वीस-पंचवीसला डिझेलमधले मेण गोठते, फिल्टर तुंबतो आणि उत्तम गाडी जागेवर उभी राहते. टाकीत इंधन आहे, इंजिन ठीक आहे, चालक तयार आहे. पण इंधन इंजिनपर्यंत पोचतच नाही. २०१९च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच दुखण्यावरचा उपाय म्हणून.

औषधाचेही तसेच असते. बाटलीत औषध आहे, जिवाणू समोर आहे, पण औषध त्याच्या आत पोचले नाही तर उपयोग शून्य. मग प्रश्न असा की औषध जिवाणूच्या आत शिरते कसे? दार कोण उघडते? आणि गारठ्यात ते दार बंद का होते? याची उत्तरे शोधायला माणसाला जवळपास शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत पॅरिसच्या कोंबड्या आहेत, लंडनचा एक गार आठवडा आहे, लखनौचा एक रसायनशास्त्रज्ञ आहे आणि कोझिकोडची टायफॉइडची साथ आहे.

कोंबडीचे गार पाय

सुरुवात करू १८७८ पासून. त्या काळी युरोपात गुरांना आणि मेंढ्यांना होणाऱ्या अँथ्रॅक्स या रोगाने शेतकरी हैराण होते. आपल्याकडे त्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात. लुई पाश्चर यांना एक गोष्ट खटकत होती. मेंढी या जिवाणूने मरते, ससा मरतो, गिनीपिग मरतो. कोंबडीला मात्र काहीच होत नाही. का?

पाश्चर यांचा तर्क साधा होता. कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा गरम असते, सुमारे ४२ अंश. एवढ्या उष्णतेत हा जिवाणू नीट वाढत नसावा. मग त्यांनी कोंबडीला जिवाणू टोचले आणि तिचे पाय व खालचे अंग गार पाण्यात ठेवले. तिचे तापमान सस्तन प्राण्यांच्या पातळीपर्यंत उतरले आणि ती अँथ्रॅक्सने मेली. दुसरीला तसेच टोचून, तसेच गार करून, रोग दिसू लागताच पाण्यातून काढून ऊब दिली, ती वाचली. मार्च १८७८ मध्ये पॅरिसच्या अकादमीत त्यांनी तीन कोंबड्या मांडून दाखवल्या: एक मेलेली, जिला जिवाणू टोचून गार केले होते, एक जिवंत, जिला फक्त गार केले होते, आणि एक जिवंत, जिला फक्त टोचले होते. फौजी भाषेत सांगायचे तर हा एक स्वच्छ, सरळ डेमो होता.

आज आपण म्हणू की गारठ्याने कोंबडीची स्वतःची प्रतिकारशक्तीही खचली असणार. सगळे श्रेय जिवाणूच्या आवडत्या तापमानाला देता येणार नाही. ते खरेच आहे. पण एक गोष्ट पक्की झाली. जिवाणू काय करील हे तो कोणत्या तापमानात आहे यावर अवलंबून असते. अँटिबायोटिक हा शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने रूढ नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

लंडनचा एक गार आठवडा

आता पन्नास वर्षे पुढे. १९२८चा उन्हाळा, लंडनचे सेंट मेरीज रुग्णालय. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून ३ सप्टेंबरला परतले, जिवाणूंच्या बश्या तपासू लागले आणि एका बशीत बुरशीच्या भोवतालचे जिवाणू विरघळलेले दिसले. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. पण तिच्यातला तापमानाचा भाग सहसा कोणी सांगत नाही.

फ्लेमिंग यांच्याच विभागात काम केलेले रोनाल्ड हेअर यांनी पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. बशीत आधी जिवाणूंची भरपूर वाढ होऊ दिली आणि मग बुरशी टाकली, तर काहीच घडेना. वाढून बसलेल्या जिवाणूंवर पेनिसिलिनचा परिणाम होत नव्हता. म्हणजे फ्लेमिंगच्या बशीत बुरशी आधी वाढली असली पाहिजे आणि जिवाणू नंतर. पण जिवाणू तर बुरशीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात! मग हे उलटे कसे झाले?

हेअर यांनी लंडनच्या हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या. १९२८च्या जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लंडनमध्ये हवा गार होती. फ्लेमिंग यांची ती बशी ३७ अंशांच्या उबदार पेटीत नव्हती, टेबलावर पडून होती. गार हवेत बुरशीला फावले, जिवाणू मात्र थंडावून बसले. मग हवा तापली, जिवाणू वाढू लागले, आणि वाढता वाढता बुरशीने सोडलेल्या पेनिसिलिनच्या तावडीत सापडले. हेअर यांनी १९७० मध्ये पुस्तकात ही उकल मांडली. विसाव्या शतकातला सर्वात मोठा औषधी शोध एका अर्थाने हवामानाच्या मेहेरबानीवर झाला.

पण वाढून बसलेल्या जिवाणूला पेनिसिलिन का मारत नाही? कारण पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीच्या बांधकामात खोडा घालते. जिवाणू वाढतो तेव्हा त्याला भिंत वाढवावी लागते. बांधकाम चालू असताना गवंड्याचे हात बांधले, तर अर्धवट भिंत कोसळते आणि जिवाणू फुटतो. बांधकामच बंद असेल, तर गवंड्याचे हात बांधून काय होणार? थंडी नेमके हेच करते. ती बांधकाम थांबवते.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्लॅडिस हॉबी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंनाच मारते. १९४४ मध्ये अमेरिकेत हॅरी ईगल यांनी सिफिलिससारख्या रोगांच्या मळसूत्री जिवाणूंच्या कुळावर पेनिसिलिनचा मारा निरनिराळ्या तापमानांत मोजला. तापमान बदलले की मारण्याचा वेग बदलत होता. त्याच वर्षी जोसेफ बिगर यांचा निबंध आला. बिगर हे आयरिश जिवाणुतज्ज्ञ, युद्धकाळात रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये होते. त्यांना आढळले की पेनिसिलिनच्या माऱ्यातून काही मोजके जिवाणू वाचतातच. त्यांच्यात औषधाला तोंड देण्याची कोणतीही नवी शक्ती आलेली नसते. ते फक्त निपचित पडलेले असतात. औषध संपले की उठतात, पुन्हा वाढतात, आणि त्यांच्या पिल्लावळीला तेच पेनिसिलिन पुन्हा मारू शकते. बिगर यांनी त्यांना चिवट टिकून राहणारे अशा अर्थाचे नाव दिले.

फौजेत हे आम्हाला नवे नाही. गोळीबार चालू असताना धावणारा दिसतो आणि टिपला जातो. खंदकात डोके खाली घालून पडलेला वाचतो. तो अधिक शूर नसतो, त्याचे चिलखतही जाड नसते. तो फक्त हालत नाही.

लखनौचा रसायनशास्त्रज्ञ आणि दाराचे कोडे

पेनिसिलिनचे काम भिंतीशीच असते. त्याला घराच्या आतल्या खोलीत जावे लागत नाही. खरा प्रश्न उभा राहिला तो स्ट्रेप्टोमायसिनमुळे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयावरचे हे पहिले खरे शस्त्र. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ क्षयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. सहा महिन्यांत नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकी फक्त ४. ज्या पिढीने घरातले तरुण माणूस क्षयाने झिजताना पाहिले होते, तिच्यासाठी हे आकडे म्हणजे चमत्कार होता. आणि त्याच चाचणीत पुढचे संकटही दिसले: कित्येक रुग्णांच्या जिवाणूंना औषध लागू पडेनासे झाले.

आता अडचण बघा. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या आतल्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या कारखान्यावर, हल्ला करते. पण जिवाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. स्ट्रेप्टोमायसिन पाण्यात विरघळणारे, वर त्याच्यावर धन विद्युतभार. तेलाच्या थरातून असा पदार्थ सहज आत जाता कामा नये. तरीही तो जातो, आणि जिवाणू मरतो. कसा?

हे कोडे सोडवायला हात लावणाऱ्यांत एक भारतीय होते, डॉ. नित्यानंद. इंग्रजीत त्यांचे नाव नित्य आनंद असे तोडून लिहितात. १९२५ मध्ये लायलपूरला जन्म, शिक्षण लाहोर आणि दिल्लीत, पहिली डॉक्टरेट मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून प्रा. के. वेंकटरामन यांच्या हाताखाली आणि दुसरी केंब्रिजमधून. १९५१ मध्ये लखनौच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली, तिथे ते पहिल्यापासून होते. पुढे १९७४ ते १९८४ या काळात ते तिचे संचालक झाले. 'सहेली' ही गर्भनिरोधक गोळी ही त्यांची आणि त्या संस्थेची ओळख. पण १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते हार्वर्डला बर्नार्ड डेव्हिस यांच्याकडे गेले होते, आणि जानेवारी १९६० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे दोन छोटे निबंध पाठोपाठ छापून आले. दोन्हींचा विषय एकच: स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या पटलाचे काय करते आणि आत कसे शिरते.

त्यांनी किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावलेले स्ट्रेप्टोमायसिन वापरले, म्हणजे ते किती आत गेले हे मोजता येईल. दिसले असे की सुरुवातीला थोडेसे औषध झटपट चिकटते. मग काही वेळ काहीच होत नाही. आणि मग एकाएकी औषध आत शिरू लागते, आणि त्याच सुमारास जिवाणूचे पटल गळू लागते, आतला माल बाहेर पाझरतो. त्याहून विलक्षण म्हणजे प्रथिने बनवणे थांबवणारे क्लोरॅम्फेनिकॉल आधी दिले, तर हे दुसरे शिरणे होतच नव्हते. म्हणजे औषधाला आत येण्यासाठी जिवाणूचे स्वतःचे कामकाज चालू असावे लागत होते!

याचा पूर्ण उलगडा व्हायला आणखी पंचवीस वर्षे गेली. १९६४ मध्ये कळले की स्ट्रेप्टोमायसिनमुळे रायबोसोम चुकीची प्रथिने बनवू लागतो. १९७०च्या दशकात कॅनडात कॅल्गरी येथे एल. ई. ब्रायन आणि सहकाऱ्यांनी औषध शिरण्याचे तीन टप्पे वेगळे करून दाखवले. पहिला टप्पा नुसता चिकटण्याचा. त्याला ऊर्जा लागत नाही. दुसरा संथपणे आत शिरण्याचा आणि तिसरा धडाक्याने शिरण्याचा. या दोन्हींना जिवाणूच्या श्वसनातून मिळणारी ऊर्जा लागते. आणि १९८०च्या दशकात डेव्हिस यांनी सगळे धागे जुळवले. आधी चार-दोन रेणू कसेबसे आत जातात. ते रायबोसोमला चुका करायला लावतात. चुकीची प्रथिने पटलात जाऊन बसतात आणि पटलाला भोके पडतात. त्या भोकांतून आणखी औषध आत येते, आणखी चुका होतात. पहिले दोन शिपाई तटावरून आत उतरतात आणि आतून दरवाजा उघडतात, तसे.

आता तापमानाचा मुद्दा आपोआप उलगडतो. गारठ्यात पहिला टप्पा होतो, औषध बाहेरून चिकटते. पण श्वसन मंद, रायबोसोम मंद. ऊर्जा नाही, चुकीची प्रथिनेही तयार होत नाहीत. दार आतून उघडायचे असते आणि आतला कारखाना झोपलेला असतो. औषध दाराशी ताटकळत राहते. प्राणवायू नसला तरी तेच. म्हणून या गटाची औषधे प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंवर चालत नाहीत आणि पुवाने भरलेल्या गळवात फिकी पडतात. सर्जन आधी गळू कापून पू काढतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

तूप, खोबरेल आणि जिवाणूचे पटल

दाराची दुसरी बाजू पटलाची. जानेवारीत इंदूरला किंवा दिल्लीला राहणाऱ्यांना हे सांगायला नको: खोबरेल तेलाची बाटली थिजते, साजूक तूप घट्ट होते, आणि शेजारीच ठेवलेले शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते. फरक स्निग्ध आम्लांच्या प्रकारात आहे. जिवाणूचे पटलही स्निग्ध पदार्थांचेच. थंडीत ते थिजले, तर त्यातून येणे-जाणे बंद.

पण जिवाणू स्वस्थ बसत नाही. १९७४ मध्ये मायकेल सायनेन्स्की यांनी दाखवले की ई. कोलाय हा जिवाणू ज्या तापमानात वाढतो, त्याप्रमाणे पटलातली स्निग्ध आम्ले बदलतो. गार हवेत पातळ राहणारी अधिक, गरम हवेत घट्ट राहणारी अधिक. हेतू एकच, पटलाचा सैलपणा सारखा राखायचा. लडाखच्या हिवाळी डिझेलची युक्ती आपण २०१९ मध्ये केली; जिवाणू ती कोट्यवधी वर्षे करत आला आहे. म्हणजे थंडीत औषध कमी शिरते हे ढोबळ मानाने खरे असले, तरी थंडीला सरावलेला जिवाणू आणि अचानक गार केलेला जिवाणू हे दोघे वेगळे.

याहून नवलाची गोष्ट १९९० मध्ये मिशिगन विद्यापीठातून आली. रूथ व्हॅनबोगेलन आणि फ्रेडरिक नाइडहार्ट यांनी पाहिले की स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिनसारखी औषधे दिली की जिवाणू उष्णतेचा चटका बसल्यासारखा वागतो, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन दिले की थंडी वाजल्यासारखा. तापमान बदललेले नसतानाही! त्यांचा निष्कर्ष असा की रायबोसोम हाच जिवाणूचा थर्मामीटर आहे. औषध आणि हवामान, दोघेही एकाच घंटेची दोरी ओढतात.

दोन अंशांचा फरक

हे सगळे प्रयोगशाळेतले झाले. आपल्याशी याचा संबंध कुठे येतो? पहिला संबंध येतो पॅथॉलॉजीच्या अहवालात. लघवी किंवा पू तपासायला दिला की कोणते औषध लागू पडेल याचा तक्ता येतो. ही तपासणी ठरलेल्या तापमानात, साधारण ३५ अंशांच्या आसपास, उबदार पेटीत करतात. हे तापमान असेच कोणीतरी ठरवलेले नाही. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस घ्या. ३० ते ३५ अंशांत त्याचा चिवटपणा स्पष्ट दिसतो. तापमान त्याच्या वर गेले, तर तो लपू शकतो. अहवाल म्हणेल औषध चालेल, आणि रुग्णाला ते चालणार नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, वीज जाते-येते, आणि त्या पेटीचा थर्मामीटर रोज कोण तपासतो? ठाण्यावर शस्त्र साफ केल्याची नोंद रोज ठेवतात. त्या पेटीच्या तापमानाची नोंदही तितकीच गंभीरपणे ठेवायला हवी.

कोझिकोड, १९७२

आता या गोष्टीतला मला सर्वात अस्वस्थ करणारा भाग. तो टायफॉइडचा आहे, आणि टायफॉइड हा फौजेचा जुना वैरी. अल्मरॉथ राइट यांनी टायफॉइडची लस १८९८ मध्ये हिंदुस्थानातल्याच ब्रिटिश सैनिकांना टोचून पाहिली होती. आमच्या पिढीतल्या जवानांना टीएबीचे इंजेक्शन आणि त्यानंतर दोन दिवस दुखणारा दंड चांगला आठवत असेल.

टायफॉइडवर औषध मिळाले तेही एका सैनिकी मोहिमेत. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल आणि थिओडोर वुडवर्ड यांचे अमेरिकी सैन्याशी संबंधित पथक क्वालालंपूरला स्क्रब टायफसवर क्लोरॅम्फेनिकॉल तपासायला गेले. हाच स्क्रब टायफस महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या जवानांना छळत होता. त्या चाचणीत टायफॉइडचे काही रुग्णही आले, आणि तेही बरे झाले. जो ताप तीन-चार आठवडे चालायचा, तो काही दिवसांत उतरू लागला. पुढची वीसेक वर्षे टायफॉइड म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल हे समीकरण झाले.

१९७२ मध्ये ते मोडले. मेक्सिकोत मोठी साथ आली, आणि त्याच वर्षी आपल्या केरळात कोझिकोडला. तिथल्या डॉ. सी. के. जयराम पणिकर आणि के. एन. विमला यांनी 'नेचर'मध्ये कळवले की या जिवाणूंना क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडत नाही, आणि हा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हेच पणिकर पुढे अनंतनारायण यांच्यासह लिहिलेल्या पाठ्यपुस्तकामुळे देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घरोघरी पोचले.

गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातो म्हणजे काय? जिवाणूंमध्ये प्लाझ्मिड नावाची छोटी वर्तुळाकार डीएनएची कडी असते. औषध निकामी करण्याची कृती तिच्यावर लिहिलेली असते. दोन जिवाणू जवळ आले की एक आपल्या कडीची नक्कल दुसऱ्याला देतो. ही देवघेव १९५९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आमांशाच्या जिवाणूंत दाखवून दिली होती. टायफॉइडच्या त्या साथींतल्या कड्या बहुतांशी 'एच' गटाच्या निघाल्या. आणि १९७५ मध्ये लंडनला नाओमी दत्ता यांच्या गटाने या 'एच' गटाचा एक विचित्र स्वभाव उघड केला. ही देवघेव ३७ अंशांत जवळजवळ होतच नाही. ती २२ ते २८ अंशांत उत्तम होते.

मंडळी, जरा थांबून विचार करा. ३७ अंश म्हणजे माणसाचे शरीर. २२ ते २८ अंश म्हणजे काय? आपला नाला, आपली विहीर, गळकी जलवाहिनी, सांडपाण्याचे डबके. शरीराच्या उबेत जिवाणूचे दार उघडे असते, औषध आत शिरते. आणि बाहेरच्या गारव्यात त्याच जिवाणूचे दुसरे दार उघडते, त्यातून औषधाला हरवण्याची विद्या आत शिरते. आपण फक्त पहिल्या दारावर पहारा ठेवला. दुसरे दार उघडेच राहिले.

हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या पाण्यात २००७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांना दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात जिवाणू बाराही महिने औषधाच्या सान्निध्यात कोमट वातावरणात राहतात. शत्रूला आपल्याच शस्त्राचा सराव करायला याहून चांगले मैदान कोणते?

तापत्या जगात

शेवटचा संदर्भ २०१८चा. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी आणि स्थानिक तापमान यांची सांगड घालून डेरेक मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जिथे किमान तापमान १० अंशांनी अधिक, तिथे औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण अधिक: ई. कोलायमध्ये ४.२ टक्के, क्लेब्सिएलामध्ये २.२ आणि स्टॅफिलोकोकसमध्ये २.७ टक्क्यांची वाढ. लक्षात घ्या, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. गरम प्रदेशात औषधे वापरण्याच्या सवयी, गर्दी, पाणी हे सगळे वेगळे असू शकते. पण आपल्या देशात उन्हाळे लांबत चालले असताना हा इशारा कानाआड करण्यासारखा नाही.

मग आपण यातून काय घ्यायचे? आधी काय घ्यायचे नाही ते सांगतो. गोळी लागू पडावी म्हणून अंगावर चार घोंगड्या घ्यायच्या, किंवा ताप आला तर बरेच म्हणायचे, असा याचा अर्थ मुळीच नाही. बाहेर सियाचीन असो की चेन्नई, शरीराच्या आत ३७ अंशच असतात आणि डॉक्टरांचे औषध त्याच हिशेबाने ठरवलेले असते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या अन्नातले जिवाणू मेले असेही समजू नका. ते खंदकात डोके घालून पडलेले असतात.

घ्यायचे ते तीनच मुद्दे. एक, अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नका आणि सांगितल्याआधी बंद करू नका. बरे वाटणे म्हणजे शत्रू संपणे नव्हे, हे बिगर यांनी १९४४ मध्येच सांगून ठेवले आहे. दोन, उरलेल्या गोळ्या नाल्यात किंवा संडासात टाकू नका. तिथे २५ अंशांत कोण वाट बघत बसले आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. आणि तीन, आपल्या गावातल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या प्रश्नाला आरोग्याचा प्रश्न म्हणा. टायफॉइडची नवी लस हैदराबादेतच तयार होते, जागतिक आरोग्य संघटनेने ती २०१७ मध्ये मान्य केली. ती जरूर घ्या. पण लस हे चिलखत आहे, आणि चिलखत घातले म्हणून कुंपणाची भोके बुजवायची राहत नाहीत.

डॉ. नित्यानंद जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी लखनौला वारले. औषध दारातून आत कसे जाते हे पाहायला त्यांनी उमेदीची वर्षे दिली. आपल्याला प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शकही नको. दुसरे दार कुठे उघडे आहे तेवढे पाहायचे, आणि ते बंद करायचे. ते दार बहुतेक वेळा आपल्याच घरामागच्या गटाराशी असते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, पुढच्या भागात उत्तरे देईन. तोवर रजा घेतो. जय हिंद.